जनाचा बॉक्स आणि तांब्याभर पाणी

जना, तुझ्या बाराव्याला भरपंगतीत लाइट गेली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं वायरमन म्हणून गावात वावरलं की असंच होतं. वारा पडला तरी लोक माझ्याकडेच बघतात. मी पानावर बसलो होतो, हाताला वरणभात होता, आणि तुझा आवाज अगदी कानाशी आल्यासारखा वाटला, "मोहन्या, माज्या बाराव्याला तरी करंट चोख दे." मला हसू आलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे असं काही बघितलं की मी ठसका लागल्याचं सोंग केलं.

पंधरा मिनिटांनी लाइट आली. मंडळी पांगली. तुझी प्राची नवी मुंबईहून आल्यापासून तुझ्या गाण्याच्या खोलीकडे फिरकलीच नव्हती. ती त्या दुपारी दार लोटून आत गेली आणि मला म्हणाली, "काका, बाबांची ती हार्मोनियमची रेकॉर्ड लावू?" मी मान हलवली. तिने सुई अलगद टेकवली, तू शिकवलं होतंस तशी. आणि सुरांच्या आधी स्पीकरमधून आलं ते "घूं".

अकरा वर्षांनी ते घूं परत आलं होतं. बारीक, पण तेच. प्राचीने विचारलं, "काका, हा आवाज कसला?" मी म्हटलं, "बघतो." पण काय बघायचं ते मला माहीत होतं. जे तुला अकरा वर्षं सांगितलं नाही, ते आता लिहितो. तू मला जन्मात एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस. आज करणार आहे.

हे आणखी कोणी वाचेल म्हणून थोडं मागचं सांगतो. तू चिडू नकोस.

तू थळच्या कोळीवाड्यातला नाखवा. होडी चालवलीस, जाळी विणलीस, आणि गुडघे बोलायला लागल्यावर होडी पुतण्याच्या हाती देऊन गाणं ऐकत बसलास. अलिबागच्या एका बंगलेवाल्याने घर विकलं तेव्हा त्याचा अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेयर आणि माझ्या कमरेएवढे दोन स्पीकर तू उचललेस आणि मासळीच्या टेम्पोतून घरी आणलेस. मी तेव्हा टेम्पोत मागे बसून त्यांना धरलं होतं. उजव्या स्पीकरला वर्षभर बांगड्याचा वास येत होता. तू म्हणायचास, उजव्या बाजूने गाणं जास्त ताजं येतं.

पण त्या गाण्याच्या मागे घूं होतं, आणि ते तुला छळायचं. गाणं सुरू असताना नाही. दोन गाण्यांच्या मधे, गायक श्वास घ्यायला थांबला की. तू मला म्हणालास, "समुद्रात मशीन बंद केला ना मोहन, की पान्याचा आवाज येतो. मना तसा पायजे. हितं मशीन बंदच व्हत न्हाय." मी तुला सांगितलं की बाजूला बर्फाचा कारखाना आहे, त्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला की गावाची लाइन हलते, त्याला मी काय करणार. तूही ते मानलंस. पावसाळ्यातली मासेमारीबंदी आली की सगळा कोळीवाडा तोंड पाडून बसायचा आणि तू एकटा खूश असायचास, कारण होड्या बंद म्हणजे बर्फ बंद, बर्फ बंद म्हणजे तुझा करंट साफ. नारळी पौर्णिमेला सगळे समुद्राला नारळ द्यायचे, आणि तू घरी येऊन म्हणायचास, "झाला. लागला परत कॉम्प्रेसर." दर्याचा एवढा अपमान कुठल्या नाखव्याने केला नसेल.

घूं मात्र बंदीतही जायचं नाही. थोडं कमी व्हायचं, इतकंच. ही गोष्ट आपण दोघंही सोईस्करपणे विसरायचो.

मग तो बॉक्स आला. पॉवर कंडिशनर. भिंतीतला करंट आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधे बसवायचं यंत्र, करंट गाळून स्वच्छ करून देतो म्हणे. मुंबईहून लाँचने तू तो मांडीवर घेऊन आलास, तान्हं मूल आणावं तसा. मी बघितला. वजनदार, काळा, समोर निळा दिवा. मी हसलो. तुला समजावलं की अरे, हा करंट कुठून कुठून डोंगर चढून, गंजलेले खांब ओलांडून, बर्फवाल्याच्या डोक्यावरून तुझ्या घरात येतो. शेवटच्या दोन हातात हा काय त्याला आंघोळ घालणार? आणि तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात ट्रान्सफॉर्मर आहे, मोठाले कपॅसिटर आहेत. तो स्वतःच करंट दळून, चाळून, मळून मग गाण्याला देतो.

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "नदीचा पानी डोंगरातून येते. तरी तुजी बायको हंड्यावर फडका बांधते का न्हाय?"

मी म्हटलं, "मग तारेला गंगाजल पाज." वाद हरला की माणूस असंच काहीतरी बोलतो.

आता मुख्य गोष्ट. त्या आधी मी मुरुडला एका लॉजच्या शिडीवरून पडलो होतो. उजवं मनगट दोन महिने प्लास्टरमधे. प्लास्टर निघालं तरी बोटांत स्क्रू धरवेना. गावातली माणसं मला न सांगता अलिबागच्या पोरांना बोलवायला लागली होती. त्यांचं चुकलं नाही, घरात अंधार कोण बसवून ठेवील. पण मी मनात ठरवून टाकलं होतं की पिशवी खुंटीला टांगायची. पक्कड, टेस्टर, टेप, सगळं. घरात कोणाला बोललो नव्हतो. तुलाही नाही.

आणि तेव्हाच तुझा फोन, "बॉक्स बसवायचा हाय. तूच पायजेस." मी म्हटलं, तीन पिनांची वायर आहे, प्राचीला सांग, ती लावेल. तू म्हणालास, "पुस्तकात लिवलंय, अर्थिंग चांगली पायजे. तू खड्डा बघून जा."

अर्थिंगचा खड्डा म्हणजे घराच्या मागे जमिनीत पुरलेला लोखंडी पाइप. भोवती मीठ आणि कोळसा. घरात कुठे करंट नको तिथे उतरला तर या वाटेने तो मातीत जातो, माणसाच्या अंगातून नाही. माती ओली लागते, म्हणून उन्हाळ्यात पाणी घालायचं. तुला हे मी घर बांधलं तेव्हा एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून तू रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी घालायचास. वहिनींची तुळस पुढच्या दारी, तुझा खड्डा मागच्या दारी. वहिनी म्हणायच्या, दोघांचे देव वेगळे.

तू त्या दिवशी मला मागच्या दारी नेलंस, लोखंडी झाकण दाखवलंस, आणि म्हणालास, "मी चाय सांगतो." आणि गेलास.

मी झाकण उचललं. जना, तिथे जोडच नव्हता. तांब्याची तार पाइपापासून सुटून हिरवी होऊन बाजूला पडली होती, आणि पाइपावर गंजलेल्या नट-बोल्टचा नुसता चुरा उरला होता. ते काम माझं होतं. मला तो दिवस आठवला. तुझी घरभरणी दुसऱ्या दिवसावर आलेली, माझ्याकडचे पितळी क्लॅम्प संपलेले, आणि मी साध्या लोखंडी नट-बोल्टने तार आवळली. "उद्या येऊन बदलतो," असं स्वतःशी म्हणालो. तांबं, लोखंड आणि खारी हवा, तिघांना एकत्र ठेवलं की काय होतं हे मी शिकाऊ पोरांना ओरडून सांगायचो. आणि उद्या काही आलो नाही. दुसऱ्या दिवशी आलो ते जेवायला.

म्हणजे तू किती वर्षं त्या खड्ड्यात पाणी घालत होतास, आणि वरून तार जोडलेलीच नव्हती. घूं बर्फवाल्याचं नव्हतं. माझं होतं.

आणि मग दुसरं आठवलं. सुनंदा वहिनी मला दोनदा म्हणाल्या होत्या, "भावोजी, हा फ्रिज चावतो. हात लावला की मुंगी चावल्यासारखा होते." मी म्हटलं होतं, चप्पल घालून उघडा. एका वायरमनने हे उत्तर दिलं होतं. तुला खोटं वाटेल, पण मी त्या झाकणाशी बसून देवाचं नाव घेतलं. मुंगीवर निभावलं, म्हणून.

पिशवीत पितळी क्लॅम्प होता. पाइप घासला, तार नवी कापली, क्लॅम्प आवळला. बोटं आखडत होती, पण धरला स्क्रू. झाकण लावलं. तुझा चहा अजून आला नव्हता. तुमच्या घरात चहाला कधी इतका वेळ लागला नव्हता, आणि मला त्याचा आनंदच झाला. मग आत येऊन बॉक्स लावला, तू रेकॉर्ड ठेवलीस, आणि घूं नव्हतं. नुसती शांतता, आणि त्यातून हार्मोनियमचा भाता हळूच उघडल्याचा आवाज.

तू माझ्याकडे बघितलंस. डोळे भरले होते तुझे. "बग," तू म्हणालास. "बॉक्स."

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. खरं सांगावं तर माझं पाप उघडं. गप्प राहावं तर बॉक्स जिंकला. मी तिसरी वाट काढली. गप्प राहिलो, आणि वर अकरा वर्षं तुझ्या बॉक्सची टिंगल केली.

तू तर गावभर बोभाटा केलास. मोहनने बॉक्स बसवला, या, ऐकून जा. लिलावाला आलेली माणसं मासळी सोडून तुझ्या घरी हार्मोनियम ऐकायला आली. मग अलिबागच्या बंगल्यांतून फोन यायला लागले. तिथे तुझ्यासारखेच वेडे निघाले, फक्त त्यांच्या स्पीकरला बांगड्याचा वास नव्हता. मला लोक बॉक्सवाला वायरमन म्हणायला लागले. ज्या यंत्राला मी टीव्हीवरचा शोभेचा रुमाल म्हणायचो त्यानेच माझी पिशवी खुंटीवरून खाली काढली. मी प्रत्येक बंगल्यात आधी अर्थिंगचं झाकण उघडायचो. दहापैकी सात ठिकाणी मालकाचा आजार तिथेच बरा व्हायचा. बॉक्स मी मग निमूट लावून द्यायचो, लोकांना निळा दिवा आवडतो.

त्याच वर्षी, तुझ्या घरभरणीच्या हंगामात केलेली बाकीची चार घरंही मी गुपचूप उघडून बघितली. पावसाआधीची फुकट तपासणी म्हणून. एका ठिकाणी तसाच बोल्ट सापडला, बदलला. तू मला तेव्हा म्हणाला होतास, "एकाएकी समाजसेवा सुचली काय रं तुला?" मी म्हटलं, वय झालं. तू हसलास. त्या हसण्याचा अर्थ मला या आठवड्यात कळला.

आपली भांडणं मात्र खरी होती ना रे? मला आता हेच विचारायचं असतं सारखं. तू म्हणायचास, बॉक्समुळे सुरांच्या मधली धूळ गेली. मी म्हणायचो, तारेतून धूळ येत नाही, तुझ्या कानात मळ आहे. एकदा मी तुला सांगितलं की ढोल वाजतो तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर एकदम घोटभर जास्त करंट मागतो, आणि तुझा बॉक्स तिथे दारावर उभा राहून पावती फाडत बसतो, म्हणून ढोल दबतो. तू आठ दिवस बॉक्स काढून भिंतीतून सरळ वाजवलंस. प्रामाणिक माणूस तू. नवव्या दिवशी म्हणालास, "ढोलाचा तुजा खरा हाय. पन मधली शांतता कमी झाली. मना ढोल दबला तरी चालेल." हे ऐकून मी पहिल्यांदा जरा डळमळलो. बर्फवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा तेव्हा बॉक्स नसताना बारीक टिचकी ऐकू यायची, बॉक्स असताना नाही. हे मीही ऐकलं होतं. तुला सांगितलं नाही, हेही आज सांगून टाकतो.

मग ती परीक्षा. पैज तूच लावलीस. मी खोलीत चादर बांधून तिच्यामागे बसायचं, बॉक्स मधे घ्यायचा किंवा सरळ भिंतीतून द्यायचा, आणि तू डोळे मिटून ओळखायचं. दहा वेळा. नऊ बरोबर आले तर मी सकाळच्या लिलावात, सगळ्या बंदरासमोर, उभं राहून म्हणायचं की जनाच्या बॉक्सने आवाजात फरक पडतो. नाही आले तर तू म्हणायचं की पडत नाही. मी त्यासाठी चेंजओव्हरचा, म्हणजे इकडून तिकडे बदलायचा, खटका बसवला. तो अजून तिथेच आहे. वहिनींना हिशेबाला बसवलं, बरोबर आलं की वाटीत वालाचा एक दाणा.

सहा दाणे पडले. तू म्हणालास, अर्ध्याच्या वर म्हणजे पास. मी म्हटलं, नाणं उडवलं तरी पाच येतात. तू म्हणालास, बर्फवाला चालू होता, परीक्षा रद्द, बंदीत परत घेऊ. आणि तेवढ्यात वहिनींनी दुसरी वाटी पुढे सरकवली. स्वयंपाकघराच्या दारात बोंबील साफ करता करता त्यांनी स्वतःचीही परीक्षा दिली होती. दहा दाणे. दहापैकी दहा. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. दोघांच्या मिळून एवढ्या वर्षांच्या विद्वत्तेला घाम फुटला. वहिनी म्हणाल्या, "मना गानं काय कलत न्हाय. खटक्याचा टक आयकू येते. एक टक बॉक्स, दुसरा टक भिंत."

तू त्या दिवशी जमिनीवर बसून हसलास. उठवायला मला हात द्यावा लागला.

पुढची परीक्षा या बंदीत घ्यायची ठरली होती. होळीला तूच आठवण करून दिलीस. बंदीला महिना राहिला असताना तू गेलास. असा परीक्षेच्या आधी पळणारा तू नव्हतास.

तर बाराव्याच्या दुपारी ते घूं आलं, आणि मला कळलं. बारा दिवस कोणी खड्ड्यात पाणी घातलं नव्हतं. उन्हाने माती तडकली असणार. आणि बॉक्स तर लागलेलाच होता, निळा दिवा चालू होता, तरी घूं. म्हणजे अकरा वर्षांचा वाद मी त्या क्षणी जिंकलो होतो, आणि सांगायला तू नव्हतास. इतका बेचव विजय मी पाहिला नाही.

मी वहिनींना मागच्या दारी बोलावलं. म्हटलं, "वहिनी, मला काही दाखवायचंय. माझं पाप आहे." त्या पदराला हात पुसत आल्या, प्राचीही आली. झाकण उचलता उचलता सांगितलं, की इथे माझा जोड सुटला होता, बॉक्स बसवला त्या दिवशी मी चोरून नवा केला, जनाला सांगितलं नाही. एवढं बोललो आणि माझी नजर खाली गेली.

माझा क्लॅम्प दिसतच नव्हता. त्यावर होडीच्या मशीनचं ग्रीस थापलेलं होतं, जाड. त्यावर बर्फाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलेलं, आणि ते जाळ्याच्या नायलॉन दोरीने आवळून बांधलेलं. खारी हवा आत जाऊ नये म्हणून. ग्रीस ताजं होतं, याच वर्षीचं. आणि ती गाठ कुठल्या वायरमनची नव्हती. ती गाठ मी तुझ्या ओटीवर हजार वेळा पाहिली होती. तू जाळं सांधायचास तेव्हाची.

मी गुडघ्यावर बसलेलाच राहिलो. वहिनी वरून म्हणाल्या, "दर बंदीच्या आधी करायचे."

"म्हणजे त्याला माहीत होतं?"

"व्हय. तुमचा प्लास्टर निघाला, तरी तुमी घरी बसला व्हता तवा यांनी अलिबागचा एक वायरमन आनला व्हता, आवाज बघायला. त्यानी झाकन उघडून दाखवला. मी बोलले, त्यालाच करूद्या, फ्रिज चावते मना. हे बोलले, चार दिवस थांब. ज्याचा काम त्यानीच करायचा. मोहनला दुसऱ्याकडून कलला तर तो परत कोनाच्या घरात हात घालनार न्हाय." मग म्हणाल्या, "चार दिवस फ्रिज बंद ठेवला आमी. आनि हे मुंबईला गेले, बॉक्स आनायला."

मला तो चहा आठवला. तुझा तो न येणारा चहा.

"आनि मना कोनी सांगायच्या आदीच कलला असता," वहिनी म्हणाल्या. "बॉक्स लावला गान्याला. मग फ्रिज कसा चावायचा थांबला?"

जना, आपण दोघांनी अकरा वर्षं डोकं फोडलं, चादरी बांधल्या, वाल मोजले. आणि ही बाई एका वाक्यात निकाल लावून बोंबील साफ करत बसली होती. प्राची आधी हसली. मग वहिनी. मग मी, आणि हसता हसता माझं रडं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. चांगलं मोठ्याने रडलो. तुझ्या अंत्ययात्रेत आलं नव्हतं ते सगळं त्या खड्ड्यापाशी आलं.

तुझी गाठ मी सोडली नाही. प्राचीने तांब्या आणून दिला. मी पाणी घातलं, मातीने ते घटाघट प्यायलं, मग आणखी एक तांब्या. आत जाऊन अर्धा तास आम्ही चहा घेतला. परत सुई ठेवली. शांतता होती. मग हार्मोनियमचा भाता हळूच उघडला, तसाच.

प्राची तुझी सगळी सिस्टीम नवी मुंबईला नेणार होती. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊदे. माज्या फ्रिजला सोबत." मग प्राची मला म्हणाली, बाबांनी सांगून ठेवलंय, बॉक्स मोहनला द्या, तो नको म्हणेल, तरी द्या. मी नको म्हटलं. तू मला एवढा ओळखून होतास याचाही राग आला थोडा.

बॉक्स मी नेला नाही. चादर नव्हती, मी उघड्यावरच खटका दाबला. टक, भिंत. टक, बॉक्स. तुझ्या खुर्चीत बसून ऐकलं, जिथे तू मला कधी बसू दिलं नाहीस. फरक ऐकू आला का, ते तुला सांगत नाही. तेवढं तरी माझ्याकडे राहूदे. खटका बॉक्सवर ठेवून मी उठलो. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "बॉक्स." अकरापैकी अकरा.

एक विचारायचं राहिलंच. तू माझ्यासाठीच बॉक्स आणलास, हे कळलं. पण नंतर ती धूळ, ती मधली शांतता, ते डोळे मिटून ऐकणं? ते खरं होतं की तेही माझ्यासाठी? मला वाटतं खरं होतं. खोट्यासाठी माणूस ढोल दबू देत नाही.

काल सकाळी मी बंदरावर गेलो. लिलाव रंगात आला होता, पाट्या ओतल्या जात होत्या, बायका ओरडत होत्या. मी बर्फाच्या पेटीवर चढलो. गुडघे तुझ्यासारखेच झालेत आता. मोठ्याने म्हणालो, "मी मोहन वायरमन. जनाच्या बॉक्सने फरक पडतो. मी हरलो."

पापलेटांच्या पाटीमागची एक बाई म्हणाली, "मंग आमच्या घरी पन एक बसव की."

मी खाली उतरलो आणि पिशवी खांद्याला लावली.

"बसवतो," मी म्हटलं. "आधी तुमच्या खड्ड्याचं झाकण उघडून दाखवा."